तासभर पुढे गेलेलं शहर

चौकातल्या मनोऱ्यावरच्या घड्याळाचा मिनिटकाटा सरकत नव्हता. अर्धं मिनिट निश्चल राहून तो टुणकन उडी मारत होता. हे तिने तीन उड्या मोजून ठरवलं. मित्रमंडळी तिला मिलिमीटर म्हणत, ती काही उगीच नाही!

"हे घड्याळ तासभर पुढे आहे," मिलिमीटरने जाहीर केलं.

तिचं मनगटी घड्याळ कायम घरच्या वेळेवर. त्यातून साडेचार तास वजा केले की इथली वेळ! शिकायला आल्यापासून पाच महिन्यांत हा हिशेब एकदाही चुकला नव्हता. आजच्या भटकंतीची आखणी तिचीच, आणि "शहर डोळ्यांनी बघायचं" म्हणून तिघांचे मोबाइलही तिच्याच पिशवीत. तरी सकाळी बोट डोळ्यांदेखत सुटली आणि संग्रहालयाने "तुमची वेळ होऊन गेली" म्हणून परत पाठवलं.

"अख्खं शहर चुकलं आणि तू तेवढी बरोबर?" काकू म्हणाली. ही तिची खोलीतली जोडीदारीण. वयाने धाकटी, पण दटावण्यात थोरली.

"विज्ञान बहुमतावर चालत नाही!"

"ते राहू दे," तिघांतला तिसरा, लंबू म्हणाला. "चारला बाईंचा फोन येणार. काय सांगणारेस?"

प्रयोगशाळेच्या बाईंना आज उत्तर हवं होतं: आणखी दोन वर्षं राहणार की परत जाणार? तिला राहायचं होतं. पण घरी आईने तिची खोली रंगवून ठेवली होती, आणि तीन आठवडे आईपुढे तिची जीभ रेटत नव्हती.

"घरच्या साडेसातला, म्हणजे इथल्या तीनला, आईचा फोन येईल. तेव्हा सांगेन. अजून वेळ आहे."

"कालही वेळच होता!" काकू म्हणाली.

मिलिमीटर तरातरा मनोऱ्यात शिरली. घड्याळ सांभाळणाऱ्या आजोबांनी तक्रार शांतपणे ऐकली आणि तिघांना वर नेलं. पायऱ्या दोनशे सोळा. (मोजणारच!)

वर पोचल्यावर तिघं माना वर करून बघतच राहिली. माणसाहून उंच दातेरी चाकं एकमेकांत गुंतून संथ फिरत होती. दुधी काचेवर काट्यांच्या सावल्या उलट्या पडल्या होत्या आणि एका फटीतून सगळं शहर बाहुल्यांच्या खेळासारखं दिसत होतं. एवढा मोठा डोलारा, आणि चुकतो किती? "आठवड्याला एक सेकंद," आजोबा म्हणाले. तिला हात जोडावेसे वाटले.

"मग तासभर पुढे कसं?"

"काल रात्री केलं, पोरी. संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून दर वसंतात करतो."

"तुम्ही?"

"सगळा देश!"

म्हणजे तिचाच हिशेब चुकला होता! काटा उडाला. चार!

डोक्यावर घण पडावा तशी घंटा घणघणली आणि त्याच क्षणी पिशवी थरथरली. "बाई!" लंबू ओरडला आणि फोन काढून त्याने तिच्या कानाला लावला. दुसरा ठोका. पलीकडचं काही ऐकू येईना. तिसरा. घाबरल्यावर परकी भाषा कुठली सुचायला! चौथ्या ठोक्यावर तिने जीव खाऊन बोंब ठोकली, "मी राहतेय!"

घंटा थांबली. शांतता.

"कुठे राहतेयस गं?" पलीकडून आईने विचारलं. घरी बरोबर साडेसात वाजले होते.

आता "काही नाही गं" म्हणून निसटता आलं असतं. काकूने डोळे वटारले. मिलिमीटरने फोन स्वतःच्या हातात घेतला.

"इथेच, आई. अजून दोन वर्षं."