टोमॅटिलोचं स्थळ

सांगलीत कुंदाताई रसाळांच्या गच्चीवरच्या टोमॅटिलोच्या झाडाने बुधवारी सकाळी कळवलं, की लग्न जमल्याशिवाय ते एकही फळ धरणार नाही.

कुंदाताईंना त्यात काही गैर वाटलं नाही. टोमॅटिलो म्हणजे टोमॅटोचा मेक्सिकोतला आंबट भाऊबंद, हिरवागार, अंगावर कागदी टरफल चढवून बसणारा. एकट्या झाडाला फळ लागत नाही, जोडीला दुसरं झाड लागतंच. पंचाईत एवढीच, की दोन महिन्यांनंतरच्या भिशीला कुंदाताईंनी चौदा बायकांना त्याची चटणी खायला बोलावून ठेवलं होतं, तेही बढाया मारून. "जन्मात खाल्ली नसेल अशी," म्हणाल्या होत्या. चटणी झाली नाही तर भिशीत तोंड दाखवायची सोय नव्हती.

"वय निघून चाललंय माझं," झाड म्हणालं. "रोज दहा फुलं गळतात. तुम्हाला काही वाटतं का?"

वाटत होतं ना! अख्ख्या गावात दुसरं टोमॅटिलो एकच, समोरच्या इमारतीत घारपुरेबाईंकडे. शनिवारी ते कुंडीसकट पोह्यांना आलं. मध्यस्थ भुंगा होता. झाडांनी एकमेकांना पाहिलं, पसंती झाली.

"मग मानपानाचं काय ते बोलून घेऊ," घारपुरेबाई पोह्यांतला शेंगदाणा वेचत म्हणाल्या. "आम्ही मुलाकडचे."

"अहो, मुलाकडचे तर आम्ही!"

झाडांना विचारलं. दोघांच्याही प्रत्येक फुलात दोन्ही सोयी होत्या, त्यामुळे दोघींचंही म्हणणं खरं निघालं. विहिणीचे पाय कोणी धुवायचे हे काही ठरेना. घारपुरेबाई झाड उचलून तरातरा घरी गेल्या.

आठ दिवस कोणी माघार घेईना. कुंदाताई रोज सकाळी गळलेली फुलं सुपलीत भरायच्या आणि भिशीला उरलेले दिवस मोजायच्या. नवव्या दिवशी भुंगा वैतागला. "दोघी एकमेकींचे पाय धुवा आणि मोकळ्या व्हा. मला आणखी लग्नं लावायची आहेत." धुतले बाई, एकाच परातीत, तोंडं फिरवून. घारपुरेबाईंचं झाड कुंदाताईंच्या गच्चीवर नांदायला आलं.

दीड महिन्यात तेहतीस फळं भरली. भिशीच्या दुपारी कुंदाताईंनी पहिल्या फळाला हात घातला, तशी टरफलाच्या आतून हाक आली. "आजी!"

कुंदाताईंचा हात तिथेच थांबला. जीव कसा गलबलून आला त्यांचा. खाली दिवाणखान्यात चौदा बायका ताटल्या घेऊन बसल्या होत्या. कुंदाताईंनी घारपुरेबाईंना वर बोलावलं.

"नातवंडं मुलाकडच्यांची असतात," कुंदाताई म्हणाल्या. "तुम्हीच सोला."

"छे हो! आम्ही मुलीकडचे. आम्हाला काय अधिकार?"

"परवा तर मुलाकडचे होतात!"

"परवाचं परवा."

"आधी बारसं करा," कुंदाताईंचं झाड शांतपणे म्हणालं. "बिननावाचं कोणी तव्यावर जाणार नाही. आणि बायका खोळंबल्यात, जरा हात चालवा."

बारसं झालं. एकोणीस नावं सुचली, उरलेल्या चौदा जणांना भिशीतल्या बायकांचीच दिली. मग कुंदाताईंनी एकेकाचं टरफल उतरवलं, चिकटा धुतला, तव्यावर डाग पडेस्तोवर भाजलं, आणि मिरची, लसूण, कोथिंबीर घालून खलात कुटलं. सगळा वेळ त्या हमसून रडत होत्या. मिरचीचं निमित्तसुद्धा त्यांनी सांगितलं नाही.

बायका बोटं चाटूनपुसून खात होत्या. दोन जणींनी दुसऱ्यांदा वाढून घेतली. अशी चटणी खरंच जन्मात खाल्ली नव्हती, असं त्यांनी एकमुखाने मान्य केलं. घारपुरेबाईंनी भाकरीचा तुकडा बुडवला, डोळे मिटून खाल्ला आणि ताटली जराशी पुढे सरकवली.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

कुंदाताईंनी डोळे पुसले, डोक्यावरून पदर घेतला आणि मीठ आणायला आत गेल्या.