चार पावलं, बहुधा मराठीत

शाल्मली कन्नडमध्ये चालायला लागली तो मंगळवार होता की बुधवार, हे सदानंद पोतनिसांना आता खात्रीने आठवत नाही. मात्र मराठीत ती तेव्हाही रांगतच होती, याबद्दल घरात कुणाचंच दुमत नव्हतं.

अकरा महिन्यांची होती ती. तिची कन्नड आजी ललितम्मा स्वयंपाकघराच्या दारात उकिडवी बसली आणि हात पसरून म्हणाली, "बा चिन्ना, बा." पोरगी भिंत सोडून उभी राहिली आणि ठुमकत ठुमकत निघाली. अर्ध्या वाटेवर आली तेव्हा सदानंदरावांना राहवलं नाही. ते खुर्चीतून म्हणाले, "अरे वा! आमच्याकडे पण ये ना गं." त्याबरोबर ती मटकन खाली बसली, वळली आणि चार पायांवर त्यांच्याकडे आली. तिच्या चेहऱ्यावर कसलाही खेद नव्हता.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की काळजीचं कारण नाही, दोन भाषांच्या घरात असं व्हायचंच. सदानंदरावांचा मुलगा शैलेश आणि सून चैत्रा, दोघांनाही ते माहीत होतं. दातांच्या वेळी तेच झालं होतं. वरचे दोन दात मराठीत आले आणि खालचे दोन कन्नडमध्ये. त्यामुळे तिला बिस्किट द्यायचं असलं की सदानंदराव आणि ललितम्मा शेजारी बसून एकाच वेळी काहीतरी बोलत राहत. पेल्याने पाणी प्यायला ती मराठीत शिकली. हात हलवून निरोप घेणं मात्र फक्त कन्नडमध्ये आलं. इतकी वाटणी कुणालाही चालण्यासारखी होती. प्रश्न चालण्याचाच होता.

कारण मुदत दोन वर्षांची होती. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत ज्या भाषेत जे आलं आणि नगरपालिकेच्या बालप्रगती विभागात नोंदलं गेलं, ते कायमचं टिकतं. न नोंदलेलं आठवडाभरात विरून जातं आणि मुदतीनंतर त्या भाषेत ते पुन्हा येत नाही. नोंदीसाठी त्या भाषेच्या बाजूचा एक ज्येष्ठ साक्षीदार लागतो. आईवडील चालत नाहीत, कारण ते घरात दोन्ही भाषा मिसळून बोलतात.

त्यातच शैलेशची बदली हुबळीला झाली. वाढदिवस चौदा डिसेंबरला आणि सामान हलायचं वीस तारखेला. म्हणजे जे काही व्हायचं ते चौदाच्या आत. नाहीतर शाल्मली आयुष्यभर आजोबांच्या भाषेत रांगणार होती.

सदानंदराव चाळीस वर्षं संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. चूक आपलीच असणार, हा त्यांचा कुठल्याही बाबतीतला पहिला अंदाज असे. आपली मराठी पुस्तकी आहे आणि पोर तिला घाबरून खाली बसते, असं त्यांच्या मनाने घेतलं. ते तिच्यासमोर सतरंजीवर बसत आणि घसा साफ करून म्हणत, "बाळ, आपण एकदा प्रयत्न करून पाहूया का? सक्ती नाही."

"अहो, ती काय तुमच्याकडे पीएच.डी. करतेय?" आतल्या खोलीतून त्यांच्या पत्नी कुमुदताईंचा आवाज येई. "सक्ती नाही काय? 'ये गं माझ्या राणी' म्हणा की सरळ!"

"तसं म्हटलं तर उगाच दबाव येतो."

"शैलेशच्या वेळी आला नाही तो कुठला दबाव?"

"शैलेशच्या वेळी मी कॉलेजात होतो."

"म्हणूनच वेळेवर चालला तो," कुमुदताई म्हणत.

कुमुदताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून त्या पडून होत्या. डोळ्याला पट्टी असलेला साक्षीदार नगरपालिका घेत नाही. त्यामुळे मराठीच्या बाजूने उरले ते एकटे सदानंदराव.

ललितम्मा चांगल्या होत्या. बाळाला सांभाळायला म्हणून वर्षभर त्या पोतनिसांकडेच राहत होत्या, आणि आता तर सदानंदरावांना संधी मिळावी म्हणून दिवसाचे तीन-तीन तास तोंड मिटून काम करत. एकदा फक्त त्या न राहवून म्हणाल्या, "भावजी, तुम्ही भिऊ नका हो. लेकरू भीती वळकतंय." हे त्या मराठीत म्हणाल्या, त्यामुळे शाल्मली लगेच खाली बसली आणि ललितम्मांनी जीभ चावली.

त्यांची एकच सवय सुटत नव्हती. स्वयंपाकघरात कपाटावर त्यांचा रेडिओ असे, जुना, विजेवर चालणारा. सकाळी पूजा झाली की त्या धारवाड केंद्र लावत आणि विसरून जात. रेडिओच्या कन्नडवरही शाल्मली चालत असे. एकदा तर शेतीविषयक सल्ला ऐकत ती ज्वारीवरच्या किडीपासून पीक विम्यापर्यंत हॉलला सात फेऱ्या मारून आली होती.

नऊ डिसेंबरला, गुरुवारी, सकाळी दहाच्या सुमाराला सदानंदराव सतरंजीवर मटार सोलत बसले होते. शैलेश आणि चैत्रा कामावर गेले होते, ललितम्मा भाजी आणायला. गॅसवर कुकर होता. शाल्मली दिवाणाच्या कडेला धरून उभी होती आणि दाण्यांकडे बघत होती. सदानंदरावांचा हात लागून वाडगा कलंडला, दाणे फरशीवर पसरले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगं धर, धर, पळाले सगळे!"

ती दिवाण सोडून चालत आली. एक, दोन, तीन, चार. मग तिने वाकून एक दाणा उचलला, तोंडात घातला आणि खाली बसली.

त्याच वेळी कुकरची शिट्टी झाली. शिट्टी संपली तेव्हा स्वयंपाकघरातून कुणाचा आवाज येत होता का, हे सदानंदरावांना तेव्हाही सांगता आलं नाही. ते धडपडत उठून आत गेले, पण आधी गॅस बंद करावा लागला. मग रेडिओकडे पाहिलं तर तो गप्प होता. पण ते केंद्र दोन कार्यक्रमांच्या मध्ये कधीकधी मिनिटभर गप्पच असे. बटण पुढे आहे की मागे ते चष्म्याशिवाय दिसेना. चष्मा मटारच्या सालांत होता. चष्मा शोधेपर्यंत ललितम्मा परत आल्या, आणि आल्याआल्या सवयीने त्यांनी बटणाला हात लावला.

"विहीणबाई, तुम्ही जाताना रेडिओ लावला होता का?"

"रोज लावतो की मी," ललितम्मा म्हणाल्या. "आज... लावला असंल."

"मी पावलं ऐकली," कुमुदताई आतून ओरडल्या. "चार होती. रेडिओबिडिओ काही नव्हता."

"तू शिट्टीच्या वेळी ऐकलंस की नंतर?"

"अहो, मी डोळ्याने आंधळी आहे, कानाने नाही!"

दुसऱ्या दिवशी शैलेश रजा काढून सगळ्यांना बालप्रगती विभागात घेऊन गेला. निरीक्षक शिंत्रेबाई सौम्य बोलणाऱ्या होत्या. त्यांच्या टेबलावर लाकडी खुळखुळा, फूटपट्टी आणि शिक्का होता. त्यांनी आधी शाल्मलीला फरशीवर ठेवलं आणि सदानंदरावांना हाक मारायला सांगितली. त्यांनी हाक मारली. ती रांगत आली.

"हरकत नाही," शिंत्रेबाई म्हणाल्या. "पहिल्या पावलांनंतर मुलं पुष्कळदा मागे जातात. नोंद झाली की पक्कं होतं. साक्षीदाराचं निवेदन पुरे आहे. इथे सही करा."

छापील मजकूर एका ओळीचा होता : 'मी उपरोक्त बालकास मराठी भाषेत चालताना निःसंशय पाहिले आहे.'

सदानंदरावांनी तो तीनदा वाचला. मग पेनाचं टोपण काढलं, 'निःसंशय' हा शब्द एका सरळ रेषेने खोडला, वर बारीक अक्षरात 'बहुधा (शक्यता सुमारे पंच्याण्णव टक्के)' असं लिहिलं आणि खाली सही केली.

शिंत्रेबाईंनी कागद वाचला. "सर, इथे टक्क्यांचा रकाना नाही."

"माहीत आहे. पण घरात कन्नड रेडिओ असतो. तो त्या क्षणी चालू नव्हता असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही."

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

"ती मराठीत चालली असं वाटतं."

"मग तसं लिहा."

"वाटणं आणि निःसंशय पाहणं यांत फरक आहे, बाई. मी चाळीस वर्षं मुलांना हेच शिकवलं. ज्यांनी फरक केला नाही त्यांचे मार्क कापले."

"बाबा," शैलेश खालच्या आवाजात म्हणाला, "एक शब्द आहे. तुमच्या शब्दावर कुणी फेरतपासणी करणार नाहीये."

"म्हणूनच," सदानंदराव म्हणाले.

"पंच्याण्णव टक्के म्हणजे किती असतात, ते तुम्हीच शिकवलंत ना मला? पुरेसे असतात म्हणून?"

"एखादं गृहीतक स्वीकारायला पुरेसे असतात. शपथेला नाहीत."

चैत्रा सासऱ्यांकडे बघत होती आणि तिच्या मांडीवर शाल्मली त्या सरळ रेषेवर बोट फिरवत होती.

शिंत्रेबाईंनी नवीन कोरा फॉर्म काढून टेबलावर ठेवला आणि पाच मिनिटं मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं. सदानंदरावांनी त्याला हात लावला नाही. खरं तर हात पुढे गेला होता, पण आपण हे नातीसाठी करतो आहोत की स्वतःसाठी, असा त्यांना प्रश्न पडला, आणि त्याचं उत्तर मिळायच्या आत पाच मिनिटं संपली.

"ठीक आहे," शिंत्रेबाई म्हणाल्या आणि जुन्या कागदावर 'पुराव्याअभावी नामंजूर' असा शिक्का मारला. "तुमच्यासारखे प्रामाणिक साक्षीदार आले की आमचं काम सोपं होतं, सर."

उरलेले चार दिवस सदानंदरावांनी पाच किलो मटार आणला. वाडगे कलंडवले. शाल्मलीने रांगत रांगत सगळे दाणे गोळा केले.

वीस तारखेला फाटकाशी गाडी उभी होती. ललितम्मांचं बोट धरून शाल्मली चालत निघाली होती, नव्या पिवळ्या फ्रॉकमध्ये. सदानंदराव पायरीवर उभे होते. त्यांनी ठरवलं होतं की बोलायचं नाही. पण ती फाटकाशी पोचली आणि त्यांच्या तोंडून निघालं, "येशील ना गं परत?" ती तिथल्या तिथे मातीत बसली आणि रांगत परत आली, थेट पायरीपर्यंत. चैत्राने तिला उचललं, फ्रॉक झटकला आणि म्हणाली, "बाबा, प्लीज, आता नका बोलू." गाडी सुटली. काचेतून शाल्मली त्यांच्याकडे बघत राहिली. हात तिने हलवला नाही. ते तिला मराठीत येत नव्हतं.

त्यानंतर ती समोर असली की सदानंदराव गप्प राहायला शिकले. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती येई, तेव्हा ते पाटीवर लिहून दाखवत; लिहिलेल्या मराठीवर ती निदान उभी राहू शकत असे. चौदाव्या वर्षी ती धारवाडला चारशे मीटर शर्यतीत पहिली आली. त्याचं कात्रण कुमुदताईंनी देवघराच्या दाराला चिकटवलं. पुढच्याच महिन्यात ती आली तेव्हा तिच्या सॅकमध्ये गुडघ्याला बांधायचे पॅड होते, यष्टिरक्षक लावतात तसे. उंबऱ्याशी बसून तिने ते बांधले आणि म्हणाली, "आजोबा, बोला हो. मला काही त्रास होत नाही. ती पाटी ठेवा बाजूला."

"तुझे गुडघे..."

ती तोवर खाली गेलीच होती. "पॅड आहेत ना," ती जमिनीवरून म्हणाली. तिची मराठी उत्तम होती.

शेजारचे येऊन बसत, चहा घेत, ती कपबश्या सरकवत सरकवत आणून देई आणि कुणी काही विचारत नसे. कुमुदताई तेवढ्या एकदा म्हणाल्या, "एक शब्द, अहो. एक शब्द लिहिला नाहीत." पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत.

कुमुदताई गेल्या त्या वर्षी शाल्मली एकोणीस वर्षांची होती. तिने आजीच्या खोलीची आवराआवर अंगावर घेतली. खिळ्यावर नव्या कॅलेंडरखाली जुनी सगळी कॅलेंडरं तशीच टांगलेली होती. कुमुदताई त्यांच्या चौकोनांत दुधाचे खाडे, सिलिंडर, माहेरची लग्नं, सगळं लिहून ठेवत. शाल्मली फरशीवर बसून एकेक पान वाचत होती.

"हा डिसेंबर माझ्या दुसऱ्या वाढदिवसाचा," ती म्हणाली. "चौदावर फूल काढलंय आजीने. आणि नऊ तारखेला लिहिलंय, 'लाईट नाही, ९ ते १, नोटीस आली. दळण आदल्या दिवशी.' अक्षर नीट आहे. ऑपरेशनच्या आधीच लिहून ठेवलेलं दिसतंय."

सदानंदरावांनी ते पान हातात घेतलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, त्यामुळे शाल्मली उठून उभी राहिली आणि दिवा लावायला गेली.

नोटीस निघाली म्हणजे वीज गेलीच असं होत नाही. थंडीत पंखा लागत नाही आणि दिवसा दिवा; त्या सकाळी वीज होती की नव्हती, हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. सदानंदरावांनी वीज कार्यालयाला रीतसर अर्ज केला. उत्तर यायला आठ महिने लागले. ते आलं तेव्हा शाल्मली पुन्हा सुट्टीवर आली होती आणि आईशी फोनवर कन्नडमध्ये बोलत खोलीभर येरझाऱ्या घालत होती. सदानंदरावांनी पाकीट फोडलं, चष्मा लावला आणि कागद मनातल्या मनात दोनदा वाचला. मग घडी घालून खिशात ठेवला आणि तिला चालताना बघत राहिले.

उत्तर एका ओळीचं होतं, सहीशिक्क्यासह. त्या वर्षी नऊ डिसेंबरला सकाळी नऊ वाजून दोन मिनिटांपासून दुपारी एक वाजून वीस मिनिटांपर्यंत त्यांच्या गल्लीतला वीजपुरवठा पूर्णपणे बंद होता.