फिनलंडच्या पाहुण्याचे बूट

चक्का आणायला खाली उतरताना ओताकारने एवढंच ठरवलं होतं, की आज त्या गाड्यासमोरून श्वास रोखून जायचं. तेवढं जमलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण प्रागच्या जुन्या शहरात श्वास रोखून माणूस किती पावलं चालणार?

गाडा त्याच्या घराच्या बरोबर खाली होता. तिथे जाड दांड्याला कणकेची पट्टी गुंडाळायची, निखाऱ्यावर गरागरा फिरवायची आणि खरपूस झाली की साखर-दालचिनीत लोळवायची, असा उद्योग सकाळपासून चाले. या पोकळ नळकांड्याचं नाव त्रदेलनिक. वर पाटी होती, 'जुनी बोहेमियन परंपरा'. ती पाटी वाचली की ओताकारचं पित्त खवळायचं.

"कसली जुनी? माझ्या आजीने जन्मात हे बघितलं नव्हतं!" असं तो बियरच्या टेबलावर सांगे, दुकानाच्या रांगेत सांगे, दात काढून घेताना मंडळातल्याच दंतवैद्यांनाही सांगे. गल्लीतल्या 'अस्सल प्राग मंडळा'चा तो बारा वर्षं सचिव होता आणि खोट्या परंपरेविरुद्धची सगळी पत्रकं त्याच्याच हातची होती.

(लोका सांगे ब्रह्मज्ञान! गेले आठ महिने हा गृहस्थ दर गुरुवारी त्रदेलनिक खात होता. पहिलं खाल्लं ते शत्रूची ताकद कळावी म्हणून. दुसरं, एकावरून मत बनवणं अन्यायाचं म्हणून. तिसऱ्यापासून त्याने कारणं शोधणं सोडून दिलं.)

अर्थात ओताकार म्हणून नव्हे. तळघरात, बटाट्याच्या पोत्यामागे त्याने प्लॅस्टिकचा रेनकोट, काळा चष्मा आणि 'प्राग, माझं प्रेम' असं लिहिलेली लाल टोपी दडवून ठेवली होती. त्या वेषात तो गाड्यासमोर उभा राही, बोटाने 'एक' दाखवी आणि परक्या देशातून आल्यासारखा सगळीकडे आ वासून बघे. ज्या शहरात जन्म गेला त्याच शहरात!

आजही गुरुवारच होता, पण साधासुधा नव्हे. चार वाजता मंडळातर्फे बारा परदेशी पाहुणे त्याच्या घरी यायचे होते. त्याची बायको ब्लाझेना त्यांना बुख्ती, म्हणजे चक्क्याचं सारण भरलेले घरचे गोड पाव, खिलवणार होती आणि ओताकार 'हे खरं, ते खोटं' यावर भाषण देणार होता. मंडळाचे म्हातारे अध्यक्ष क्वेतोस्लाव निवृत्त होत होते. आज भाषण रंगलं की खुर्ची ओताकारची, हे जवळपास ठरलेलं होतं. बारा वर्षं त्याने त्या खुर्चीची धूळ पुसली होती, बसला मात्र कधी नव्हता. आजच्या दिवसासाठी ब्लाझेनाने त्याला नवे तपकिरी बूटही आणले होते.

"ओता, शेवटच्या घाण्याला चक्का कमी पडतोय. जा आणि सरळ ये," ती म्हणाली होती.

तो सरळच आला. फक्त येताना तळघरातून आला.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी लाल टोपीतला ओताकार, रेनकोटाखाली चक्क्याची पिशवी धरून, डोळे मिटून गरम त्रदेलनिकचा वेढा उलगडत होता. मांजर डोळे मिटून दूध पितं तसाच. तेवढ्यात कोणीतरी त्याचं मनगट पकडलं.

"अकरा... आणि हे बारा! कुठे हरवला होतात?" मंडळाने नव्यानेच नेमलेली गाईड झ्लाता पिवळी छत्री नाचवत म्हणाली. "चला, उशीर होतोय!"

ओताकार तोंड उघडणार होता. पण झ्लाताच्या मागे, हातभर अंतरावर, खुद्द अध्यक्ष क्वेतोस्लाव उभे होते. ते ओताकारच्या मिशीवरच्या साखरेकडे कीव आल्यासारखे बघत होते.

"बिचारा," अध्यक्ष झ्लाताला म्हणाले. "फसवलंय याला. हरकत नाही, आमच्या सचिवांचं भाषण ऐकलं की डोळे उघडतील."

आता बोललं तर आवाज ओळखला जाणार. ओताकारने उरलेलं त्रदेलनिक एका घासात कोंबलं आणि मुकाट्याने स्वतःच्या घरी निघाला.

तिसऱ्या मजल्यावर ब्लाझेना दारात उभी होती. तोंडभर हसत ती म्हणाली, "या, या! अहो, बूट राहू द्या, काढू नका."

आता प्रागमध्ये यजमानीण 'बूट काढू नका' म्हणाली, की बूट काढायचे असतात. ती म्हणायचंच म्हणून म्हणते, पाहुणा काढायचे म्हणूनच काढतो, आणि न काढणाऱ्याचं नाव पुढची वीस वर्षं निघतं. पण झ्लाताने वाक्य जसंच्या तसं भाषांतर करून सांगितलं आणि अकरा परदेशी खुशाल चिखलाच्या बुटांनी गालिच्यावर गेले. बारावा मात्र उंबऱ्याशी वाकला, नाड्या सोडल्या, बूट भिंतीकडे टोक करून जोडीने ठेवले आणि न बघता पाय बाकाखाली सरकवून, अंगठ्याला भोक पडलेल्या चौकड्याच्या सपाता घातल्या.

चाळीस वर्षांची सवय. पाय काही नाटकात सामील नव्हते.

ब्लाझेनाने सपातांकडे पाहिलं. मग टोपीकडे पाहिलं. मग मिशीकडे.

"वा!" अध्यक्ष गहिवरून ओरडले. "बघा, बघा! परका माणूस, पण संस्कार बघा! कुठले हो हे?"

झ्लाताने चार भाषांत विचारलं. ओताकार छताकडे बघत राहिला.

"इतकं गप्प म्हणजे फिनलंडचे असणार," ब्लाझेना गोड आवाजात म्हणाली. "बसा हो फिनलंडवाले. दमला असाल खाऊन खाऊन."

तिने त्याला मधोमध बसवलं आणि ताटलीत चार बुख्ती वाढल्या. पोटात त्रदेलनिक, समोर बुख्ती, आणि अध्यक्ष घासागणिक कानात ओरडून विचारताहेत, "हे खरं! कळलं का? हे खरं!" ओताकारने मान डोलावली. खरोखर चांगल्या झाल्या होत्या, आणि त्याला मनापासून लाज वाटली.

"सचिव कुठे आहेत?" अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.

"चक्का आणायला गेलाय," ब्लाझेना म्हणाली. "तत्त्वाचा माणूस तो. वाटेत कुठे वाईट काही दिसलं की तिथेच झुंजत बसतो."

"बारा वर्षं थांबलो या माणसासाठी आणि आज गायब! पाच मिनिटांत आला नाही तर खुर्ची दंतवैद्यांना देतो."

फिनलंड ताडकन उठला. पोटावर हात धरून त्याने तोंड वेडंवाकडं केलं.

"न्हाणीघर इकडे," ब्लाझेना म्हणाली. "खिडकी उघडीच आहे."

न्हाणीघराची खिडकी मागच्या सज्जात उघडते आणि सज्जा सगळ्या बिऱ्हाडांवरून फिरून जिन्यापाशी येतो. रेनकोट, टोपी, चष्मा मळक्या कपड्यांच्या टोपलीत गेले. साठीचा ओताकार खिडकीतून निम्मा बाहेर आणि निम्मा आत अडकला. शेजारणीच्या कुंड्यांवर पडला, उठला, धावला आणि स्वतःच्या दाराची बेल वाजवली. हातात चक्का होता. तेवढी एक गोष्ट त्या दिवशी त्याने ठरल्याप्रमाणे केली.

"आलात!" अध्यक्ष म्हणाले. मग खाली पाहून, "बाजारात सपाता घालून?"

"घाईत होता," ब्लाझेना म्हणाली.

भाषण मात्र असं झालं, की तसं पुन्हा होणे नाही. मोहाचं इतकं बारीक वर्णन कोणी ऐकलं नव्हतं. वेढा कसा उलगडतो, आतली वाफ नाकावर कशी येते, दालचिनी जिभेवर कुठे लागते, आणि या सगळ्याला माणसाने कसं 'नाही' म्हणावं! टाळ्या थांबेनात. अध्यक्षांनी डोळे पुसले आणि तिथल्या तिथे खुर्ची जाहीर केली.

निघताना झ्लाताने छत्रीने डोकी मोजली. अकरा! न्हाणीघर रिकामं. ती रडकुंडीला आली. अध्यक्ष उंबऱ्याशी गेले आणि किंचाळले, "बूट इथेच आहेत! माणूस अनवाणी गेला!"

ते पोलिसांना फोन लावणार, इतक्यात झ्लाताचाच फोन वाजला. खरा बारावा पाहुणा दुपारपासून एका बियरच्या गुत्त्यात बसला होता आणि तिथेच बरा होता.

"मग तो फिनलंडवाला कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"कोणी का असेना," ब्लाझेना म्हणाली, "घरी आल्यासारखा वागला."

अध्यक्षांनी ते तपकिरी बूट छातीशी धरले आणि मंडळात नेले. 'ते माझे आहेत' म्हणायची सोय नव्हती, म्हणून ओताकारने त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.

पुढच्या महिन्यात तो अध्यक्ष म्हणून खुर्चीत बसला. समोरच्या काचेच्या कपाटात ते बूट होते, खाली चिठ्ठी, 'एका सुसंस्कृत पाहुण्याचे'. गल्लीतल्या बायका नवऱ्यांना मुद्दाम दाखवायला आणत. सगळ्यांत पुढे ब्लाझेना.

"मला नवे बूट हवेत," त्याने घरी दबक्या आवाजात सांगितलं होतं.

"आत्ताच तर आणले होते," ती म्हणाली. "कुठे गेले?"

म्हणून सत्काराला तो जुन्या सँडल आणि मोजे घालून आला. क्वेतोस्लावांनी त्याच्या गळ्यात हार घातला, वाकून पायांकडे पाहिलं आणि कपाटाकडे बोट दाखवत कानात म्हणाले, "अध्यक्षसाहेब, पद आता मोठं आहे. पायात काहीतरी बरं घालत जा. शिका जरा त्या माणसाकडून."