श्रीधरचे जोडलेले हात

मला लिहायची हौस नाही. चौथीत मास्तरांनी कान धरून वर्गाबाहेर काढलं, तेव्हापासून माझा आणि पेन्सिलीचा संबंध सहीपुरता. पण सकाळी कात्रजच्या बागेत बाकावर बसलं की कुणी ना कुणी विचारतंच, "सोनबा, गाडीचं काय झालं हो?" रोज तेच. घराबाहेर पाटी लावणार होतो, 'गाडीबद्दल विचारू नये, अपमान होईल'. बायको म्हणाली, "तो तुम्ही पाटीशिवायही करता." म्हणून एकदाच लिहितो. वाचा आणि गप्प बसा.

सुरुवात बायकोनं केली. (ती म्हणते, मी केली. तिनं तिचं वेगळं लिहावं.)

खंडेनवमीचा दिवस. गाडीच्या पूजेचं ताट तयार. झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ, चाकाखाली ठेवायला लिंबं. बायको, म्हणजे आमची प्रेमला, ओट्यावर उभी राहून म्हणाली, "अहो, गाडीचं तोंड पश्चिमेला आहे. पूर्वेला वळवा."

"गाडीला कुठं कळतंय पूर्व कुठली?"

"तुम्हाला तरी कुठं कळतं? पण वाढदिवसाला ओवाळताना पूर्वेकडं तोंड करून बसवतेच ना तुम्हाला?"

एवढ्यासाठी मी गाडी रिव्हर्स घेतली. एवढ्याचसाठी.

आता इथं एक गोष्ट सांगायला लागेल, नाहीतर तुम्ही शहाणपण शिकवाल. मी आयुष्यभर मार्केट यार्डात टेम्पो चालवला. मागं कांद्याची पोती आभाळाला टेकलेली. मागचं काय दिसणार? डोंबल. तेव्हा मागं क्लीनर उभा राहतो आणि पत्र्यावर थाप देतो. दोन थापा म्हणजे 'ये'. एक थाप म्हणजे 'थांब'. थाप पडत नाही तोवर येत राहायचं. ड्रायव्हरनं विचार करायचा नाही, हा धंद्याचा नियम. माझा क्लीनर म्हणजे माझा मेहुणा श्रीधर. लग्नात मी हुंडा घेतला नाही, श्रीधर घेतला. पुढं टेम्पो विकला, ही पांढरी गाडी घेतली, पण श्रीधर काही विकला गेला नाही.

तर श्रीधर मागं गेला. दोन थापा दिल्या. मी यायला लागलो. आमचा बोळ उताराचा, मागं लाइटचा खांब. मी थापेची वाट बघतोय. थाप नाही. म्हणजे जागा आहे. येतोय. अजून थाप नाही. म्हणजे भरपूर जागा आहे. आणि मग थाप पडली, पण ती खांबानं दिली.

घाबरून मी गाडी पुढं घेतली. (इथं विचार करायला हरकत नव्हती.) पुढं माझंच गेट. चोर येऊ नयेत म्हणून मीच जाड लोखंडाचं करून घेतलेलं. मजबूत निघालं.

खाली उतरून बघतो, तर श्रीधर खांबाशेजारी डोळे मिटून, दोन्ही हात जोडून उभा. बोळाच्या तोंडाशी गावदेवीची पालखी.

"श्रीधर! थाप कुठंय?"

"दाजी, देवी आली की वो! एका हातानं नमस्कार करू का काय?"

"अरे, एक थाप देऊन मग जोडायचे ना हात!"

"देवीला थांब म्हणू?"

प्रेमला ताट घेऊन खाली आली. गाडीला चहूबाजूंनी बघून म्हणाली, "मागचं नाही, पुढचं नाही. आता कुंकू लावू कुठं?"

विम्याच्या कंपनीनं गाडी बघायला एक सर्व्हेअर पाठवला. प्रज्ञेश नावाचा. पोरगा चांगला, आवाज हळू, जसा आजारी माणसाच्या नातेवाइकांशी बोलताना डॉक्टर काढतात तसा. फोटो काढले, गॅरेजवाल्याशी बोलला आणि म्हणाला, "काका, गाडी टोटल लॉस आहे."

"टोटल कशी? मधली सगळी शाबूत आहे की! जरा मागंपुढं लागलंय."

"काका, मागचं आणि पुढचं गेलं की राहतं काय?"

"मी राहिलो ना मधे!"

त्यानं शांतपणे समजावलं. विम्यात गाडीची एक किंमत धरलेली असते. दुरुस्तीचा खर्च त्या किमतीच्या पाऊण हिश्श्याच्या वर गेला की कंपनी दुरुस्तीच्या भानगडीत पडत नाही. गाडी मोडीत काढते आणि पैसे देते.

"असं असेल तर माझ्या गुडघ्याचा खर्चही पाऊण हिश्श्याच्या वर गेलाय. मलाही काढणार का मोडीत?"

त्याच्या आधी प्रेमलाच बोलली. "तुमची किंमत काय धरलीय, ते विचारून घ्या आधी."

तेवढ्यात आमचा विक्रम वरच्या मजल्यावरनं लॅपटॉप बंद करून खाली आला. "अप्पा, झालं ते बेस्ट झालं. पैसे घ्या, आणि आता ड्रायव्हिंग बंद. या वयात रिस्क नको. कुठं जायचं असेल तर मी अ‍ॅपवरून रिक्षा बुक करून देत जाईन."

म्हणजे बघा. कंपनीनं गाडी मोडीत काढली आणि पोरानं ड्रायव्हर. ज्या माणसानं मार्केट यार्डाच्या पहाटेच्या गर्दीतनं टेम्पो काढला, त्यानं मांडीवर पिशवी घेऊन रिक्षात मागं बसायचं? आणि रिक्षावाल्यानं मलाच विचारायचं, "काका, स्वारगेटवरनं घेऊ का?"

मी म्हटलं, "गाडी दुरुस्तच होणार. आणि मीच चालवणार."

प्रज्ञेशनं डोकं खाजवलं. म्हणाला, दुसऱ्या गॅरेजचा खर्च कमी निघाला, पाऊण हिश्श्याच्या रेघेखाली आला, तर पुन्हा तपासणी करता येईल. झालं! मी गाडी ओढून नेली धोंडिबाकडं. धोंडिबा माझ्या टेम्पोचा जुना डेंटर. त्यानं गाडीला तात्पुरता जीव आणला. दिवे तारेनं बांधले, डिकीचं झाकण दोरीनं. खर्चाचा अंदाज बरोब्बर रेघेच्या खाली बसवला, अगदी केसभर.

तपासणीचा दिवस. प्रज्ञेश मोबाइल समोर धरून उभा. "काका, हा व्हिडिओ थेट ऑफिसात दिसतोय. साहेब बघतायत. गाडी शेडमधून बाहेर काढून दाखवा."

विक्रमही आला होता. मी खिशातला कंगवा काढून केस नीट केले, गाडीत बसलो, गाडी एका किल्लीत चालू. विक्रमकडं असं बघितलं की त्यानं मोबाइल खिशात घातला. पण शेडमधनं निघायचं म्हणजे रिव्हर्स. आणि मागं श्रीधर.

त्याला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं. "आज देव येवो, देवी येवो, कुणीही येवो. हात जोडायचे नाहीत. थाप द्यायची. आणि मला ऐकू आली पाहिजे!"

"दाजी, काळजी सोडा. अशी देतो की स्वारगेटला ऐकू जाईल."

दोन थापा. मी आलो. सरळ आलो, सुतात आलो. धोंडिबा म्हणाला, "वा!" प्रज्ञेशसुद्धा हसला. बास, आता एक थाप, मी थांबणार, आणि गाडीही माझी, स्टिअरिंगही माझं.

थाप पडली.

खांबाच्या वेळची राहिलेली, आणि वरनं इतक्या दिवसांचं मन खाणारं, सगळं त्या एका थापेत होतं. दोरी तुटली. डिकीचं झाकण खाली आलं. त्याच्याबरोबर मागची काच आली. काचेबरोबर बंपर आला. मी थांबलो होतो, पण गाडी पडतच राहिली. शेवटी एक दिवा तारेला लोंबकळत हलत राहिला, देवळातल्या घंटेसारखा.

प्रज्ञेशच्या मोबाइलमधनं साहेबांचा आवाज आला. "प्रज्ञेश, क्लोज कर. टोटल लॉस."

श्रीधर हात चोळत पुढं आला. "दाजी, ऐकू आली ना?"

कंपनीची क्रेन गाडी न्यायला आली, तेव्हा मी बाहेर येणार नव्हतो. आलो. गाडी मागनं उचललेली, पुढची चाकं जमिनीला टेकलेली. सवयीनं हात गेला. पत्र्यावर दोन थापा दिल्या. जा म्हटलं. प्रेमला ओट्यावरनं बघत होती. एरवी ती टोमणा मारल्याशिवाय राहिली नसती. त्या दिवशी मात्र आत जाऊन चहा टाकला.

पैसे आले तसे तिनं माझ्या हातातनं घेतले आणि विक्रमला म्हणाली, "सेकंडहँड गाडी बघ. छोटी. माझ्या नावावर."

"आई, चालवणार कोण?"

"मी. माहेरी ट्रॅक्टर चालवायचे."

इतकी वर्षं एका ताटात जेवलो, पण ट्रॅक्टर चालवायची हे मला त्या दिवशी कळलं. विचारलं, "मला कधी सांगितलं नाहीस ते?" तर म्हणाली, "तुम्ही कधी सीट सोडली नाहीत." तिला लायसन्स पहिल्या फटक्यात मिळालं. आता ती चालवते, मी शेजारी बसतो. पिशवी मांडीवर असते. पण ती रिक्षा नाही, हे नीट वाचा.

यंदाच्या खंडेनवमीला ती म्हणाली, "अहो, तोंड वळवायचंय. मागं उभे राहा."

काय दिवस आले! पण राहिलो. दोन थापा दिल्या. गाडी यायला लागली. तेवढ्यात ढोल वाजला आणि बोळाच्या तोंडाशी पालखी आली. आता देवी समोर आल्यावर माणूस काय करणार? भानावर आलो तेव्हा गाडी खांबापासून वीतभर लांब उभी होती. आपली आपण.

प्रेमलानं काच खाली केली. "थाप कुठंय?"

"तू थांबलीस कशी?"

"आरशात बघून. गाडीला आरसे असतात. दोन बाजूंना, एक मधे."

(मधल्यात मी भांग पाडायचो.)

श्रीधर ओट्यावर जिलबी खात बसला होता. माझ्या हातांकडं बघत होता. ते अजून जोडलेलेच होते. "काय दाजी?" एवढंच म्हणाला.

ते वेगळं. त्या दिवशी गाडीला ओरखडासुद्धा आला नाही. ज्या दिवशी गाडी गेली, त्या दिवशी थाप द्यायचं काम ज्याच्याकडं होतं, त्यानं माझी माफी अजून मागितलेली नाही. बागेत आमच्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला हिरवी माकडटोपी घालून बसतो. यापुढं गाडीचं काय ते त्याला विचारा. नाव श्रीधर.