सामुदायिक होकार

माणसाच्या प्रगतीत चाकाचं फार कौतुक होतं. खरा मान 'समजलं' या शब्दाचा आहे. चाकाला निदान रस्ता लागतो; 'समजलं' म्हणायला काहीच लागत नाही.

हे सत्य सर्वांत आधी ओळखलं ते जालना रोडवर, करमाडच्या अलीकडं असलेल्या काकासाहेब नर्सिंग महाविद्यालयानं. (काकासाहेब हे संस्थेचे अध्यक्ष असून हयात आहेत. कॉलेजला नाव देण्यासाठी कुणाच्या मरणाची वाट बघणं त्यांना पटत नाही.) इथं पहिल्या वर्षाला 'प्राथमिक गणित' असतं. बेरीज, भागाकार, अपूर्णांक, असा सगळा सराव. कारण पुढं औषधाची मात्रा काढायची असते. मात्रा चुकली तर रुग्णाची तक्रार येते, आणि फारच चुकली तर येत नाही.

फुलंब्रीहून रोज एसटीनं ये-जा करणाऱ्या सायलीनं ही गोष्ट मनाला लावून घेतली, आणि तिथंच तिचं बिनसलं. दिवाळीनंतर वर्गाची ड्युटी लहान मुलांच्या वॉर्डात लागणार होती. लेकराच्या तोंडात औषध घालायचं, तर ते किती घालायचं हे आपल्याला काढता आलं पाहिजे, असा तिचा हट्ट. अभ्यासक्रमात हट्टाला गुण नव्हते.

शिकवण्याची पद्धत शास्त्रशुद्ध होती. मुकुंद सर गाइडातलं गणित फळ्यावर लिहीत. मग गाइडाच्या शेवटच्या पानावरचं उत्तर त्याखाली लिहीत. मग वर्गाकडं वळून विचारत, "समजलं?" वर्ग एका सुरात म्हणे, "व्हय सर!" हिला सामुदायिक होकार पद्धत म्हणतात. हिच्यात खडू वाचतो, वेळ वाचतो, आणि कुणाचाही अपमान होत नाही. संस्थेच्या वार्षिक अहवालानुसार शिकवल्यावर समजलेले विद्यार्थी साठ टक्के, शिकवण्याआधीच समजलेले तीस टक्के आणि गैरहजर असूनही समजलेले वीस टक्के. (बेरीज एकशे दहा होते. तपासणीला आलेल्या पथकानं या जादा दहा टक्क्यांबद्दल संस्थेचं खास अभिनंदन केलं.)

एके दिवशी सरावाला एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश आलं. सरांनी खाली लिहिलं, सात बारांश. सातबारा निघाला म्हणून वर्ग खदखदा हसला. सायली हसली नाही. तिच्या घरी सातबारा निघाला की दोन्ही चुलते येतात आणि भांडी आपटतात.

दुसऱ्या दिवशी औषधाचं गणित. पाच मिली औषधात एकशे पंचवीस मिलिग्रॅम. डॉक्टरांनी लिहिलं दोनशे. तर किती मिली द्याल? सरांनी लिहिलं, आठ.

"समजलं?"

"व्हय सर!"

"सर, मला नाय समजलं," सायली म्हणाली.

रस्त्यात अपघात झाल्यासारखा सगळा वर्ग वळून तिच्याकडं बघू लागला. मागच्या बाकावरची हिमानी पुटपुटली, "ए बाई, चुपचाप बैठ ना. कँटीन बंद होतंय."

"काय नाही समजलं?" सरांनी विचारलं. हा प्रश्न ते नोकरीत पहिल्यांदाच विचारत होते.

"आठ कुठून आलं?"

"शेवटच्या पानावरून."

"शेवटच्या पानावर उत्तर हाय, सर. पहिल्या पानावर गणित हाय. मला मधलं पायजे."

मधलं अभ्यासक्रमात नव्हतं. त्यामुळं प्रकरण वर गेलं.

संस्थेनं ताबडतोब तीन प्राध्यापकांची 'अनाकलन निवारण समिती' नेमली. न समजण्याचा प्रकार केव्हापासून सुरू झाला, त्यामागं बाहेरच्या कुणाची फूस आहे काय, आणि तो इतर विद्यार्थ्यांत पसरण्याचा धोका किती, हे समितीला तपासायचं होतं. समितीनं अत्यंत निःपक्षपातीपणे ते गणित स्वतः सोडवायचं ठरवलं. तिघांची तीन उत्तरं आली. लोकशाही मार्गानं तिन्हींची सरासरी काढावी असा ठराव एकमतानं मंजूर झाला. पण सरासरी काढायला तीननं भागावं लागतं असं निदर्शनास आल्यानं बैठक तहकूब झाली. चहा मात्र झाला.

मग काकासाहेबांनी सायलीला आईसह बोलावून घेतलं.

"पोरी, माझी तीन कॉलेजं हायेत," काकासाहेब मायेनं म्हणाले. "मी जिंदगीत भागाकार केला नाय. भागाकार केला असता तर तिन्ही माझ्याकडं राह्यली असती का?"

"तसं नाय, साहेब. लेकराला औषध जास्ती गेलं तर?"

"त्याला डॉक्टर हाय ना."

"डॉक्टर तर मिलिग्रॅम लिहून जातेत. मिली आमालाच काढायचे असतेत."

काकासाहेब तिच्या आईकडं वळले. "आशाबाई, पोरगी हुशार हाय तुमची. पण असं चाललं तर ड्युटीला नाय पाठवता यायचं. तुम्ही बघा."

आशाबाईंनी पोरीला बाहेर व्हरांड्यात ओढलं.

"व्हय म्हण ना भवाने! एवढं काय जड हाय त्याच्यात?"

"आई, पण मला खरंच नाय समजलं."

"मला समजलं व्हतं का? तुझ्या बापाला दाखवलं, मोठे मामा म्हणले पसंत हाय का, मी व्हय म्हणले. झाला ना संसार?"

"कसा झाला?"

"ते मधलं नको विचारू," आशाबाई म्हणाल्या.

तरीही सायली शेवटचा प्रयत्न म्हणून स्टाफरूममध्ये गेली. मुकुंद सर एकटेच बसले होते. ते कंत्राटी, कंत्राट दर वर्षी नवं होतं, आणि नवं करायचं की नाही हे अहवालातल्या टक्क्यांवर ठरतं.

"सर, कुणी नाय इथं. मला एवढं एकच गणित सांगा. परत काय विचारणार नाय."

सरांनी दाराकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "सायली, मला आमच्या सरांनी विचारलं होतं, समजलं का. मी व्हय म्हणालो, म्हणून मी आज सर आहे. माझ्या शेजारचा पोरगा नाही म्हणाला होता."

"ते काय करतेत आता?"

"माहीत नाही. तो पुढच्या वर्गात आलाच नाही."

सायलीनं ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "समजलं, सर."

संस्थेनं या यशाची दखल घेतली. तहकूब बैठक पुन्हा भरून समिती विसर्जित झाली, मुकुंद सरांचं कंत्राट वाढलं, आणि सायलीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. दिवाळीनंतर ती ड्युटीवर हजर झाली. वर्गातल्या बाकीच्या मुलीही झाल्या. हात हलका आहे, बोलणं गोड आहे, पेशंट खूश आहेत. पुढं शहरातल्या चांगल्या चांगल्या दवाखान्यांत त्यांची निवड होईल, यात शंका नाही.

यातली एखादी कधीतरी तुमच्याही खाटेशी येईल. सिरिंजमध्ये औषध भरलेलं असेल. ते एवढंच का, जास्त का नाही, कमी का नाही, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तसा फलकच भिंतीवर असतो. पण तुम्ही शिकले-सवरलेले आहात. अडाण्यासारखं काही विचारणार नाही. डॉक्टर फाइल मिटता मिटता म्हणतील, "समजलं ना सगळं?" आणि तुम्ही हसून मान हलवाल आणि बाही वर कराल.