कांद्याची जागा

स्वयंपाकघराचं माप घ्यायला गेली की शमीमआपा टेप काढायच्या आधी घरातल्या बाईला बाजूला घ्यायची आणि हळूच विचारायची, "बाई, तू रडते कुठं?"

आता सांगा, अशा बाईला सोबत घेऊन धंदा कसा करायचा? दिग्रसमधलं दुकान माझं, 'मॉड्युलर किचन' हा बोर्ड माझा, नकाशे काढणाराही मीच. नवरा वारल्यावर आपा माझ्याकडे कामाला आली, आणि थोड्याच दिवसांत मीच तिच्याकडे कामाला आहे असं गावाला वाटू लागलं. मलाही वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आपाचं म्हणणं साधं होतं. "ओट्यापाशी एक कोपरा असा पाह्यजे का दारातून पाठ दिसन, पण तोंड नाही दिसन. पाहणाऱ्याले वाटलं पाह्यजे, बाई कांदे चिरून राह्यली." म्हणून आमच्या प्रत्येक नकाशात एका कोपऱ्यावर मी 'कांदा' असं लिहायचो. आमचा फिटर देवीदास जवळच्या तांड्यातला, कामात पक्का, बोलण्यात कंजूष. त्यानं एकदा त्या जागी खरोखरच कांद्याची जाळी ठोकली. आपानं ती उखडायला लावली.

"मंग साफ लिहा नं, आपा," देवीदास वैतागला.

"साफ लिहलं तं सासू वाचन नं बापा."

काही बाया चिडायच्या. एका व्यापाऱ्याच्या बायकोनं तर ऐकवलं, "आमच्या घरी रडायसारखं काही नाही." आपानं मान डोलावली आणि कोपरा काढायचा तो काढलाच. पुढं त्याच बाईनं आपासाठी डबाभर पापड पाठवले. कशाबद्दल, ते दोघींनीही सांगितलं नाही.

मग कापसाचे ते वाईट दिवस आले. भाव पडले, जिनिंग बंद पडल्या, बंगले बांधणाऱ्यांनी विटांवरच काम थांबवलं. घराला छत नाही तिथं ओटा कोण करतो? दुकानाला एकच आशा उरली होती. एका मोठ्या कंपनीला आमच्या जिल्ह्यात एजन्सी द्यायची होती आणि दुकानदारांना त्यांनी नागपूरच्या प्रदर्शनात भेटायला बोलावलं होतं. एजन्सी मिळाली तर दुकान तरलं. नाही मिळाली तर मी कुलूप लावणार होतो आणि आपाला भावाकडे हैदराबादला जावं लागणार होतं. भाऊ कधीचा बोलावत होता. आपाला जायचं नव्हतं.

देवीदासलाही घेऊन आम्ही निघालो. बसमध्ये मी तिला बजावलं, "आपा, हात जोडतो, तेथं रडण्याचं काढू नको."

"नाही काढत," ती म्हणाली.

प्रदर्शनात गेल्या गेल्या देवीदास फिटिंग पाहायला एका ट्रॉलीखाली आडवा झाला आणि त्याचे फक्त पाय दिसू लागले. मी कंपनीच्या साहेबांपुढे आमची फाइल ठेवली. साहेब खुशीत होते. "ये देखो, ओपन किचन. सोफे पे बैठ के पूरा किचन दिखता है. कुछ छुपा नहीं."

आपानं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"साब, इसमें औरत रोयेगी कहाँ?"

साहेब हसले. "हमारे किचन में कोई नहीं रोता. ये खुश घरों के लिए है."

"छुपके तो खुश घर मेंच रोना पड़ता, साब. दुखी घर में तो सब साथ बैठ के रोते."

मला वाटलं, संपलं. पण साहेब दिलखुलास माणूस निघाला. पोट धरून हसला आणि म्हणाला, जेवून येतो, मग कागद करून टाकू. मी आनंदानं तिघांसाठी चहा आणायला धावलो.

चहा घेऊन मागच्या बाजूनं आलो तर स्टॉलमधल्या उंच कपाटाचं दार सताड उघडं, आणि आपा त्याच्यापुढे ओढणी पसरून पहाऱ्याला उभी. येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्यानं सांगत होती, "इधर मत आओ. इसका कब्जा खराब है. दरवाजा अंग पे गिरेगा." बिजागरी ठणठणीत होती. दाराआड स्टॉलवरची मॅडम भिंतीकडे तोंड करून हुंदके देत होती. सकाळपासून गिऱ्हाइकांना हसून नमस्कार करणारी पोरगी ती. थोड्या वेळानं ती तशीच मागच्या मागं तोंड धुवायला निघून गेली.

ती दिसेनाशी होईपर्यंत आपा तेच ओरडत होती, आणि तेवढ्यात साहेब आले. 'कब्जा खराब' हे त्यांनी चार गिऱ्हाइकांसोबतच ऐकलं.

"ऐसा क्यों बोला आपने?"

"मेरे को लगा, साब."

मी तोंड उघडलं, तर आपानं माझ्या पायावर पाय दिला. चांगला दाबला. साहेबांनी आमची फाइल माझ्या हातात परत दिली.

परतीच्या बसमध्ये मी भडकलो. "खरं सांगितलं असतं तं काय बिघडत होतं?"

"आन त्या पोरीची फजिती? दहा जणात?"

"पण तिले झालं काय होतं?"

"मले काय माहीत. मी एवढंच इचारलं, बेटा, सकाळपासून उभी हायेस, जेवली काय? तं रडाच लागली."

यवतमाळ मागं पडलं तरी मी घुश्श्यातच होतो. तिच्यावर रागही येत होता आणि तिच्या पाया पडावंसंही वाटत होतं.

"विनूभाऊ," ती म्हणाली, "भावाले फोन लावजो. घ्याले ये म्हना."

"भाऊ चांगला हाय नं पण तुझा?"

"लय चांगला हाय. भावजयही चांगली हाय. ताट वेळेवर समोर येते." ती खिडकीबाहेर पाहत होती. "म्हणून जेवली काय, असं तेथं कोणी इचारत नाही."

आर्णीच्या स्टँडवर गाडी थांबली. मागच्या सीटवरून देवीदास उठला आणि आपाच्या सीटपाशी येऊन उभा राहिला.

"आपा, सकाळपासून आपण कोणीच जेवलो नाही," तो म्हणाला. "उतर. गाडी थांबवतो मी."

आपा उतरली.