आठाला उठायचं

लोणावळ्याच्या रेल्वे चाळीत मी राहायला आलो, त्याच दिवशी पायरीवरून घसरून पडलो. हातात लिंबाच्या लोणच्याची बरणी होती. बरणी फुटली, धोतराला खार लागला आणि मी उताणा पडून छपराची कौलं बघत राहिलो. तेवढ्यात माझ्या डोक्याशी खाकी चड्डीतला, पांढऱ्या मिशांचा एक बुटका माणूस येऊन उभा राहिला. मला वाटलं, हात देईल. त्यानं हात वर केला आणि एकेक बोट उघडत मोजायला सुरुवात केली, ‘‘वन... टू... थ्री...’’

मी धडपडत उठायला लागलो, तर त्यानं ‘पडून राहा’ अशी खूण केली. आठ आकडे झाल्यावर मात्र माझ्या बगलेत हात घालून मला अलगद उभं केलं.

‘‘आठाच्या आदी उठू नये, बाबू. घाई केली की मानूस पुन्यांदा पडतंय. आन आठानंतर पडून ऱ्हाऊ नये.’’

हे इमामभाऊ. लोको शेडमधले, इंजिनं दुरुस्त करणारे फिटर, आणि माझे भिंतीला भिंत लावून राहणारे शेजारी. घरात एकटेच. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ती दोन-चार वर्षं. मी पार्सल ऑफिसात कारकून होतो आणि बॉक्सिंग म्हणजे दोन शहाण्या माणसांनी ठरवून केलेला वेडेपणा, असं माझं ठाम मत होतं. इमामभाऊंचं मत याच्या अगदी उलट. त्यांना जगात बॉक्सिंगशिवाय दुसरं काही दिसतच नसे.

कुणीही पडो, ते मोजायचे. पोस्टमन सायकलवरून पडला, मोजले. शेजारची म्हैस चिखलात बसली, मोजले. एकदा शेडबाहेर मालगाडीचा डबा रुळावरून घसरला. साहेबलोक घाम पुसत उभे, आणि इमामभाऊ डब्याजवळ जाऊन शांतपणे मोजतायत. दहा झाले तरी डबा उठला नाही. ‘‘नाकाट,’’ ते म्हणाले आणि पाना घेऊन कामाला लागले.

नाकाट म्हणजे नॉकआउट. लोणावळ्यात तो शब्द असाच चालायचा. त्याचा नाकाशी संबंध आहे, अशी सर्वांची समजूत होती आणि म्हादूची बॉक्सिंग पाहिल्यावर ती माझीही झाली.

म्हादू जवळच्या आंबी गावचा. शेतकऱ्याचा पोरगा, वीस-एकवीस वर्षांचा, हाताचे पंजे सुपाएवढे. जत्रेत कुस्ती खेळताना समोरच्यानं याचे केस ओढले, म्हणून यानं एकच ठोसा दिला. समोरच्याला पाणी मारून उठवावं लागलं. पंचांनी म्हादूला आखाड्याबाहेर काढलं आणि बाहेर उभ्या असलेल्या इमामभाऊंनी त्याला मिठी मारली.

वर्षभरात म्हादू रेल्वे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे रेल्वेच्या क्लबाच्या, रिंगणात सहा वेळा उतरला आणि सहाही वेळा समोरचा नाकाट. पहिल्याच फेरीत. मी, ज्यानं कधी मच्छरसुद्धा दुसऱ्या फटक्याशिवाय मारला नाही, तो पहिल्या बाकावर बसून घसा बसेपर्यंत ओरडायचो. इन्स्टिट्यूटचे सेक्रेटरीसाहेब तर इतके खूश झाले, की म्हणाले, ‘‘हा वर्षअखेरपर्यंत एकही लढत हरला नाही, तर याला शेडमध्ये खलाशाची, फिटरच्या हाताखालची नोकरी देतो.’’

सगळा गाव आनंदात. एकटे इमामभाऊ तोंड पाडून बसलेले.

‘‘कुनाला पाडलं ह्यानं, बाबू? एक बेकरीतला पाववाला, एक खंडाळ्याच्या बंगल्यातला खानसामा, एक बँडातला ढोलवाला. बाकीचे तीन तर पडायलाच आल्ते. मऊ भातावर दाढ कळत न्हाई.’’

आणि त्यांनी माझ्याकडून इंग्रजीत पत्र लिहून घेतलं. कुणाला? इगतपुरीच्या डिकी फायरमनला. इंजिनात कोळसा टाकणारा हा डिकी म्हणजे तिकडच्या थळ घाटाचा अभिमान. त्याचं नाक म्हणे एकदा डावीकडे मोडलं होतं, एकदा उजवीकडे, आणि आता बरोबर मधोमध आलं होतं. इतक्या वर्षांत त्याला कुणी आडवा केलेला नव्हता.

पत्र टाकलं आणि दोन दिवस मला जेवण गेलं नाही. शेवटी मी भांडायलाच गेलो. ‘‘इमामभाऊ, वर्ष संपायला दोन महिने राहिलेत. अजून दोन पाववाले आणा आणि पोराला नोकरीला लावा. हा डिकी कशाला? पोराच्या ताटात माती का कालवताय?’’

ते मिशी चोळत म्हणाले, ‘‘नोकरी जाईल, व्हय. पर ह्यो अजून कदी पडलाच न्हाई, बाबू. उद्या मुंबईला न्हाईतर आनी कुटं पयल्यांदा पडला तर? पडायचं ते घरच्या गावात पडावं. परक्या मुलखात कुनी सांगाय नसतंय.’’

कसलं सांगणं, ते मला त्या वेळी कळलं नाही.

मग तालीम सुरू झाली ती पडण्याची. रोज संध्याकाळी शेडमागच्या मैदानात म्हादू उताणा झोपायचा आणि इमामभाऊ मोजायचे. इंग्रजी आकडे म्हादूला नवे, त्यामुळे त्यालाही बरोबरीनं म्हणावे लागत. तेही आठापर्यंतच. ‘‘नऊ-धा शिकायचेच न्हाईत. तितवर जायाचंच न्हाई.’’ म्हादू बिचारा कंटाळून म्हणायचा, ‘‘मी पडनारच न्हाई, तर हे कशापायी, भाऊ?’’

लढतीच्या दिवशी इन्स्टिट्यूटचा हॉल फुटायची वेळ आली. इगतपुरीचे लोक एका बाजूला, आमचे एका बाजूला. कोणता घाट खरा, आमचा की त्यांचा, याचा निकाल जणू त्या संध्याकाळी लागणार होता. पहिल्या फेरीत म्हादूनं आपला तो ठोसा दिला. बरोबर हनुवटीवर. आम्ही सगळे उभे राहिलो. डिकीनं मान हलवली, जरासा हसला आणि उभाच राहिला. म्हादूनं स्वतःच्या पंजाकडे असं पाहिलं, की जणू पंजानंच दगा दिला.

दुसऱ्या फेरीत डिकीचा डावा हात कुठून आला, ते मला अजून कळलेलं नाही. म्हादू धाडकन उताणा. पंच मोजायला लागला. तीन... चार... आणि म्हादू उठला. माझा जीव भांड्यात पडला. पण हा गडी सरळ डिकीकडे गेला, त्याला वाकून नमस्कार केला आणि दोरीतून एक पाय बाहेर टाकून निघाला की घरी.

कुणाला काही समजेना. पंच तोंड उघडं टाकून उभा. डिकी गोंधळलेला. आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. याची पाठ टेकली. कुस्तीत पाठ टेकली की खेळ खलास, हात मिळवायचा आणि बाहेर पडायचं. महिनाभर मैदानात झोपून आकडे घोकले, पण खरंच पडल्यावर याला लहानपणापासूनचा आखाडाच आठवला.

इमामभाऊंनी दोरी दोन्ही हातांनी धरली होती. एवढ्याशा माणसाचा एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ‘‘म्हादबा, कुस्ती न्हाई ही! हितं पाठ टेकली तरी मानूस हरत न्हाई. माघारी फीर!’’

म्हादूनं त्यांच्याकडे पाहिलं. बाहेर गेलेला पाय आत आला. त्यानंतर तो जे लढला, ते सांगायला मी पुरा पडणार नाही. तिसऱ्या फेरीत तो पुन्हा पडला. या वेळी मात्र पडून राहिला, आणि त्याचे ओठ हलताना मला पहिल्या बाकावरून दिसले. वन, टू, थ्री. आठाला उठला. शेवटची घंटा झाली तेव्हा दोघंही उभे होते. गुणांवर डिकी जिंकला.

सेक्रेटरीसाहेब तोंड वाकडं करून निघून गेले. आणि इमामभाऊ? हरलेल्या गड्याचे वस्ताद ते, पण हॉलच्या दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला शेंगदाण्याची गुडदाणी वाटत होते. इगतपुरीवाल्यांनासुद्धा. लोक म्हणाले, म्हातारा गेला कामातून.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मी विचारलं, ‘‘म्हादूला काय झालं ते तुम्हांला इतक्या चटकन कसं कळलं?’’

ते कप खाली ठेवून म्हणाले, ‘‘पयल्या मोट्या लढाईत मी दर्यापल्याड बसऱ्याला व्हतो, रेल्वेच्या कामावर. तितं एका गोऱ्या सार्जंटासंगं उतरलो. मीबी तालमीतलाच. पडलो. चाराला उठलो, त्याचा हात हातात घेटला आन निघून आलो. समदे गोरे हासले. मला वाटलं, माझ्या दिलदारीवर खूश झाले.’’ ते स्वतःच थोडं हसले. ‘‘दोन वर्सांनी दुसऱ्याची लढत बघताना कळलं. अजून सा आकडे बाकी व्हते माझे. अंगात ताकद व्हती, बाबू. पर सांगाय कुनी न्हवतं.’’

मी त्यांचा कप पुन्हा भरला.

म्हादूला नोकरी महिन्याभरानं लागली. शिफारस डिकी फायरमननं केली होती. असा पडून उठणारा माणूस इंजिनावर हवा, असं त्यानं स्वतः सेक्रेटरीसाहेबांना सांगितलं म्हणे.

पुढच्याच वर्षी इमामभाऊंना हिवतापानं धरलं. चांगले दहा-बारा दिवस. माणूस चिपाडासारखा झाला. अन्न नको, औषध नको, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, ताप गेलाय, पण यांची उठायची इच्छाच दिसत नाही.

मी म्हादूला निरोप धाडला. तो शेडमधून तसाच आला, काळ्या हातांनी. खाटेच्या उशाशी बसला. बरा व्हा, जेवा, असलं काही बोलला नाही. त्यानं एक बोट उघडलं आणि हळू आवाजात सुरू केलं, ‘‘वन... टू... थ्री...’’

आठापर्यंत गेला आणि थांबला. इमामभाऊ हलले नाहीत. मी दारात उभा. आता हा नऊ म्हणणार, मग दहा, आणि मग नाकाट.

पण म्हादूला नऊ येतच नव्हतं. त्यानं क्षणभर बोटांकडे पाहिलं आणि पुन्हा वनपासून सुरुवात केली.

असा तो मोजत राहिला. किती वेळा, ते मी मोजलं नाही. मध्येच एकदा आठ झाले, तेव्हा खाटेवरून बारीक आवाज आला, ‘‘म्हादबा, लय हळू मोजतूस रं.’’ आणि इमामभाऊ हाताचा टेकू देऊन उठून बसले.